जुनं माप

त्याने ब्लेडच्या टोकाने पहिला टाका तोडला आणि कान न्हाणीघराकडे लावले. नळ चालू होता, म्हणजे अजून वेळ होता. बायकोचा राखाडी स्कर्ट मांडीवर उलटा करून त्याने बाजूची शिवण कमरपट्टीसकट उसवली, आत दाबलेलं कापड थोडं सोडलं आणि मशीनवर नवी शिवण घातली. अख्खी हयात शिंपीकामात घालवलेल्या माणसाला यात वेळ तो किती लागणार? नळ बंद झाला तेव्हा स्कर्ट इस्त्री होऊन खुंटीवर लटकत होता.

हा स्कर्ट म्हणजे त्या घरातला वजनकाटा. खरा काटा तिने मधुमेह निघाला त्याच आठवड्यात भंगारात दिला होता. "आकडा बघितला की मला आणखी भूक लागते," असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी पायाच्या न भरणाऱ्या जखमेकडे बोट दाखवून स्पष्ट सांगितलं होतं, की साखर आणि वजन उतरलं नाही तर हा पाय राहणार नाही. तेव्हा तोडगाही तिनेच काढला. नवऱ्याने हौसेने शिवलेला हा स्कर्ट दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घालून बघायचा. बसला नाही, की त्या दिवसापासून तोंडाला कुलूप.

पहिल्यांदा तो बसला नाही तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून रडली. मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या लोणी लावून अर्धा पाव खाल्ला, धड न चावता, कुणी हातातून हिसकावून घेईल अशा घाईने. त्याला ते बघवेना. दुपारी तिचा डोळा लागल्यावर त्याने गुपचूप शिवण सोडली आणि संध्याकाळी म्हणाला, "सकाळी पोट फुगलं असेल तुझं. परत घालून बघ."

स्कर्ट बसला आणि ती हसली. त्या हसण्याची त्याला चटक लागली, असं कुणी म्हटलं असतं तर तो चिडला असता. पण चटक काही फक्त खाण्याचीच लागते असं नाही.

आजही ती आरशासमोर वळून वळून बघत होती.

"बसला हो! बघा, काही वाढलेली नाहीये मी."

"मी तरी कुठे म्हणतोय?"

"मग आज एखादं बिस्कीट चालेल, नाही?"

एखादं बिस्कीट म्हणजे अख्खा पुडा, हे दोघांनाही ठाऊक होतं. घरात दुसरं खाणारं कुणी नव्हतं आणि पुडे तोच आणत होता.

पुढचा पहिला रविवार यायच्या आत तिच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. इस्पितळात जाताना तिने तोच स्कर्ट घातला. ठेवणीतला म्हणून. शस्त्रक्रियेआधी परिचारिकेने अंगावर चढवायला हिरवा झगा दिला, तेव्हा तिने स्कर्ट उतरवला, उलटा केला आणि मांडीवर घेऊन बसली.

"या खेपेला धागा बदललात," ती म्हणाली. "आधीचा जरा गडद होता."

तो पाण्याची बाटली उघडत होता. उघडलेलं झाकण तो उगाच फिरवत राहिला.

"मी तुमच्याच दुकानात काजं करायचे, विसरलात? शिवण हललेली मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असता." ती स्कर्टकडेच बघत होती. "दर महिन्याला वाटायचं, या वेळी हे उसवणार नाहीत. मग मीही थांबेन. आणि मग तो बसायचा. मला वाटायचं, बरं झालं बाई, सुटले."

त्याला खूप लाज वाटत होती, आणि ती लाज एकट्याची नाही याचं थोडं बरंही वाटत होतं.

"घरी जाऊन हा जुन्या मापावर शिवा," ती म्हणाली. "आणि आतलं जादा कापड कापून टाका. अगदी शिवणीलगत. पुन्हा सोडायला काही उरायलाच नको."

"टाकतो."

"नक्की?"

"अगं, टाकतो म्हटलं ना."

अंगठा गेला. उरलेलं पाऊल वाचवायचं तर आता खाण्यावर ताबा हवा, एवढंच डॉक्टर म्हणाले.

तिला घरी आणायच्या दिवशी सकाळी तो मशीनवर बसला. कापडावर जुन्या शिवणींच्या भोकांच्या रेघा एकीशेजारी एक दिसत होत्या. सगळ्यांत आतली रेघ धरून त्याने दोन्ही बाजू शिवल्या. हात सरळ चालला. मग त्याने कातर उचलली, जादा कापडाच्या कडेला लावली, आणि त्याच्या डोळ्यांसमोर पलंगाची कड आली. तिथे ती पायाला पट्टी बांधून बसली होती, पुढ्यात न बसलेला स्कर्ट होता आणि ती रडत होती.

आत्ताच कुठे घरी येतेय, इतक्यात कशाला, असं पुटपुटत त्याने कातर ठेवली. जादा कापड आत दुमडलं आणि बाहेरून दिसू नये म्हणून वरून दाबून इस्त्री फिरवली. इस्पितळात जाण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचे दोन पुडेही आणून फळीवरच्या डब्यात ठेवले. तिला भेटायला माणसं येतील, त्यांच्यापुढे काहीतरी ठेवायला नको?

संध्याकाळी उशीवर पाय ठेवून पडल्या पडल्या तिने स्कर्ट मागितला.

"कापलंत?"

"हो."

तिने स्कर्टच्या आत हात घातला आणि कमरेपासून खाली शिवणीवरून अंगठा फिरवत नेला. मध्येच अंगठा थांबला. दुमडलेल्या जाड कडेवरून तो एकदा वर गेला, एकदा खाली आला. नवरा खिडकीतून रस्त्याकडे बघत होता. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

तिने हात बाहेर काढला. तोंडावरचा ताण उतरला होता. स्कर्टची नीट घडी घालून तिने तो उशाशी ठेवला.

"इस्त्री छान झालीय," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "भेटायला माणसं येतील हो. घरात काही आणून ठेवलंय का?"

तो उठला आणि त्याने फळीवरचा डबा खाली काढला.