दाढफोडीवरचं कुलूप

आता जे सांगेन त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, आणि कोणी ठेवलाच तर मला त्याच्या डोक्याची काळजी वाटेल, असं आधीच बजावून गिरधर मिस्त्रीने खाटेवर मांडी घातली.

सकाळचा मोह वेचून झाला होता. आंबाखुट पाड्यावर कालीबाईच्या अंगणात पिवळसर फुलं वाळत पडली होती, वास असा की माशीलाही डुलकी यावी. दहा-बारा माणसं जमली होती. शेजारचा दिवाल्या होता, त्याची आई नानीबाई होती. कालीबाई स्वतः दाराशी दुखरा पाय लांब करून सुपातल्या फुलांतला काडीकचरा निवडत होती. तिचा मुलगा दलसिंग अंगणात उभ्या असलेल्या उंच, चौकोनी, जागोजागी रंग उडालेल्या गाडीची काच पुसत होता. मिस्त्री खाली लोणखेड्याचा, बोलायचा अहिराणी. ऐकणाऱ्यांची बोली पावरी. पण आंबाखुटला गाडी आली कशी, हे ऐकायला कोणाला दुभाषी लागत नव्हता. गाडीबरोबर मिस्त्री वर आला त्याला चार दिवस झाले होते. एक बारीकसं काम राहिलंय असं म्हणत तो मुक्काम ठोकून होता आणि ही गोष्ट चौथ्यांदा सांगत होता. दर वेळी ती वीतभर वाढत होती.

थंडीच्या दिवसांत कालीबाई ओट्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तिथून मिस्त्रीने सुरुवात केली. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी माना हलल्या. पाड्याच्या खाली दाढफोडी नावाची चढण आहे. सुट्या गोट्यांची, अर्ध्या कोसाची, मध्ये दोन वळणं. तिच्यावर बैलगाडी चढत नाही, जीप चढत नाही. बकरी चढते, पण वर आल्यावर दिवसभर कोणाशी बोलत नाही. आजारी माणूस खाली न्यायचा तर बांबूला चादरीची झोळी बांधायची आणि चौघांनी खांदा द्यायचा. कालीबाईला तसंच नेलं. नंदुरबारच्या दवाखान्यात खुब्यात सळई बसली. पुढच्या तपासण्यांसाठी दलसिंगने लोणखेड्यात खोली घेतली, ती नेमकी मिस्त्रीच्या गॅरेजसमोर.

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, पण चढण चालायची नाही. दलसिंगने पाड्यावर निरोप धाडला. चार गडी झोळी घेऊन लोणखेड्यात हजर झाले. कालीबाईने खाटेचा खूर धरला तो सोडेना.

"एक डाव जित्तीपनी खांदावर उतरनू," ती म्हणाली. "आते खांदावर चढसू ते मरानंतरच."

चौघांनी समजूत घातली, दलसिंगने हात जोडले, गिरधरच्या बायकोने, प्रमिलाबाईने, चहा पाजून पाहिला. चहा पिऊन झाल्यावर कालीबाईने खूर पुन्हा धरला. गडी रिकामी झोळी घेऊन परतले.

बरं, तिथेच राहावं, तर तेही जमेना, कारण मोह गळायला लागला होता. पाड्यामागचं ते एक झाड तिच्या सासूने तिच्या हाती दिलेलं. फुलं गळतात ती वीसेक दिवस. माझ्यामागे झाडाखाली कोणी वाकलं तर याद राखा, असा दम तिने पडण्याच्या आधीच साऱ्या पाड्याला देऊन ठेवला होता, त्यामुळे कोणी वेचेना. अस्वलाला मात्र दम पोचला नव्हता. रोज पहाटे कालीबाई उत्तरेकडून येणारा वारा हुंगायची आणि समोरच्या गॅरेजकडे बघून बोटं वर करायची. पहिल्या दिवशी आठ बोटं, म्हणजे आठ दिवस गळून गेले. दुसऱ्या दिवशी नऊ. मिस्त्रीला ती बोटं जेवतानाही दिसायला लागली.

गाडी दलसिंगकडे होतीच. सुरतेच्या भंगारवाल्याकडून उचललेली, कुठल्याशा थंड देशात बनलेली, चारही चाकांना ओढ असलेली. तरी दाढफोडीच्या पहिल्या वळणाला तिचं एक चाक गोट्यांवरून सुटायचं आणि हवेत भिंगरीसारखं फिरायचं. उरलेली तीन चाकं लग्नघरातल्या जावयासारखी बसून राहायची.

मिस्त्री गाडीखाली गेला. तिथे तो तीन दिवस होता, इतका की खिशात पालीने अंडी घातली, असं तो म्हणाला. दिवाल्याने विचारलं, काल तर तू एक दिवस म्हणत होतास. काल मला अंडी आठवली नव्हती, मिस्त्री म्हणाला, आणि पुढे गेला.

खाली त्याला दिसलं ते असं. पुढच्या चाकांना किती आणि मागच्यांना किती जोर द्यायचा, ते वाटणारा एक डबा गाडीच्या मधोमध असतो. हा डबा स्वभावाने भित्रा. जे चाक हवेत नाचतं, तेच जास्त मागतंय असं समजून सगळा जोर त्यालाच देऊन टाकतो. जुवाला एक बैल इकडे-तिकडे पळायला लागला की गाडीवान दोघांच्या माना एका दोरीने बांधतो, तशी या डब्यालाही आत दोरी असते, तिला लॉक म्हणतात. लॉक लागलं की पुढची आणि मागची चाकं एकत्र बांधली जातात. पुढचं नाचू दे नाहीतर गाऊ दे, मागचं ढकलत राहतं. आता गंमत अशी की या गाडीच्या डब्यात लॉक होतं, आणि ते लावायची दांडी कंपनीने बसवलीच नव्हती. घराला कुलूप बसवून किल्ली सुताराने आपल्या घरी न्यावी, तसला प्रकार. डब्याच्या माथ्यावर अंगठ्याएवढं एक टोक तेवढं बाहेर आलं होतं. मिस्त्रीने ते पकडीने धरून फिरवलं. आत कट्ट वाजलं.

तो सरपटत बाहेर आला, पालीची अंडी अलगद बाजूला ठेवली आणि समोर बघून म्हणाला, "कुलूप शे. दांडी नई शे."

कालीबाईने तेव्हा दहा बोटं वर केलेली होती. ती खाली न घेता म्हणाली, "मंग बनाव ना भाऊ."

मिस्त्रीने मोबाइलवर शोधलं. एक गोरा माणूस इस्त्रीच्या शर्टात ही दांडी कशी बसवायची ते दाखवत होता. त्याच्या नखांत काळं नव्हतं, त्यामुळे मिस्त्रीचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. सामान परदेशातून मागवलं तर पंचेचाळीस दिवस. तोवर मोहाला फुलं सोडा, पानंसुद्धा नवी यायची. दलसिंग तोंड पाडून बसला. मिस्त्रीने त्याला सांगितलं की माणसाने केलेली वस्तू आहे, देवाने नाही, आणि गॅरेजच्या मागे भंगाराच्या ढिगात शिरला.

पहिली दांडी त्याने जुन्या सायकलच्या कॅरियरच्या सळईची केली. ओढली तर शेवईसारखी वाकली आणि टोक जागचं हललं नाही. दुसरी एका मोपेडच्या ब्रेकच्या सळईची. ही ताठ होती, पण सरळ जाईना, कारण मध्ये डब्याचं कुबड. म्हणून मधे एक कोपर लागला, म्हणजे एका खिळ्यावर फिरणारी काटकोनी पट्टी: इकडून ओढलं की तिकडे ढकललं जातं. कोपर शिलाई मशीनच्या पायपट्टीतून कापला. ते मशीन प्रमिलाबाईचं होतं, हे मिस्त्री भरभर सांगून गेला. सांधे घेतले ट्रॅक्टरच्या ॲक्सिलेटरचे, गोळीदार, कुठेही वळणारे. हातात धरायचा दांडा उसाच्या जुन्या चरकाचा. सगळं जोडून ओढलं, कट्ट वाजलं, आणि गाडी बाहेर काढल्यावर कळलं की सगळं उलटं झालंय. दांडी पुढे केली की लॉक सुटतं, मागे केली की लागतं. दलसिंग म्हणाला, चालेल, मी लक्षात ठेवीन. मिस्त्री म्हणाला, दाढफोडीवर तुला तुझं नावसुद्धा लक्षात राहायचं नाही. त्याने कोपर काढला, उलटा केला, नव्याने भोक पाडलं. कालीबाईची बोटं संपली होती. आता ती दहा दाखवून थांबायची आणि मग पुन्हा तीन.

शेवटची अडचण पिनेची. सळई डब्याच्या टोकाला जोडायची तर आडवी पिन घालून तिचे पाय फाकवायचे, नाहीतर पहिल्याच गचक्याला सगळं सुटणार. तिथे जागा होती दोन बोटांची. हात जायचा तर पक्कड जायची नाही, पक्कड जायची तर हात जायचा नाही. दोन दिवस मिस्त्री त्या फटीपुढे आडवा होता. त्याच्या पाठीखाली जमीन खोल गेली, तिथे आता पावसाळ्यात बेडूक राहतील. दलसिंगचा हात त्याहून जाड. शेवटी प्रमिलाबाई गोणपाट टाकून खाली आली. मशीनचं काय केलंस ते मी नंतर विचारणार आहे, असं आधी बोलून घेतलं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून चिंधीने बांधल्या आणि मनगट फटीत घातलं. डोळे मिटून, पापडाची लाटी चाचपावी तशी तिने पिन चाचपली, घातली, नखाने पाय फाकवले. बाहेर आली तेव्हा एकही बांगडी पिचलेली नव्हती.

मग उसाच्या शेतात पाटाचं पाणी सोडून चिखल केला. गाडीचं पुढचं एक चाक त्यात घातलं. लॉकविना गाडी जागच्या जागी घुरघुरली आणि चाकाने मिस्त्रीला डोक्यापासून पायापर्यंत सारवून काढलं. दांडी पुढे केली. चालकासमोरच्या वेगाच्या काट्यांजवळ इतकी वर्षं विझलेला एक पिवळा दिवा लागला, आणि गाडी चिखलातून अशी निघाली की बांधावरचा उसाचा फडही दोन पावलं मागे सरला. मिस्त्री रडला. चिखलामुळे ते कोणाला दिसलं नाही, असं तो म्हणाला.

मोह गळायला लागल्याच्या सोळाव्या दिवशी दाढफोडी. दलसिंग चालवायला, शेजारी कालीबाई, दोघांच्या मध्ये ती दांडी, मागे मिस्त्री पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन. चढणीच्या तळाशी चाकं सरळ करून गाडी थांबवली, दांडी पुढे केली, दिवा लागला. कालीबाईने पदर खोचला.

गोटे चाकाखालून बंदुकीच्या गोळ्यांसारखे उडायला लागले. एक गोटा उडाला तो थेट तोरणमाळच्या तलावात पडला. मिस्त्रीने डुबुक असा आवाज ऐकला. एक अस्वल मोह खाऊन वाटेवर झिंगत उभं होतं, त्याने गाडी पाहिली आणि बाजूला होऊन मान लववली. नानीबाई तोंडावर पदर घेऊन हसली. अस्वलाबद्दल दिवाल्याचीही काही तक्रार नव्हती. अस्वल चांगलं होतं.

पहिल्या वळणाशी आल्यावर मात्र मिस्त्रीची जीभ जराशी अडली. सगळी मोजमापं त्याने सपाट जमिनीवर घेतली होती, इंजिन बंद ठेवून. तो डबा रबराच्या पायांवर बसलेला असतो, आणि इंजिनाने खरा जोर केला की तो अंग मुरडतो आणि सळईला हिसका देतो, हे त्याला कळलं ते त्या वळणावरच, आणि तेव्हा मागच्या सीटवरून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दांडीला एक आकडा करायला हवा होता, धरून ठेवणारा. चार दिवस तो गाडीखाली शिरून तोच आकडा करत होता. पण ते बारीकसं काम. गोष्टीत कशाला.

त्याने मांडी बदलली आणि सुटला. पहिलं वळण, म्हणे, गाडीने असं घेतलं की वळणालाच वाटलं आपण सरळ आहोत. पुढचं डावं चाक हवेत गेलं, मागच्यांनी ढकललं. दुसऱ्या वळणाला दोन चाकं हवेत गेली, उरलेल्या दोघांनी निभावलं. आणि दांडी? दांडी पुढे केली ती केली. देवळातल्या खांबासारखी. पुन्हा तिला कोणी बोट लावलं नाही. दलसिंगने एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने बिडी पेटवली. गाडी वर आली ती थेट पाड्यामागच्या मोहाखाली येऊन उभी राहिली, आणि तोवर सगळा वेळ दांडी आपली आपण—

दलसिंगचं काच पुसणं थांबलं. कालीबाईने सूप खाली ठेवलं होतं. तिने दोन्ही तळवे वर केले. या वेळी बोटं मोजायला नाही. दोन्ही तळव्यांवर, अंगठ्याच्या मुळाशी, फुटून वाळलेले फोड होते, चरकाच्या दांड्याएवढ्या रुंदीचे.

"लबाड बोली ऱ्हायना तू, गिरधरभाऊ," ती म्हणाली. "पहिला वळनलेच दांडी टक करीसन मांगे उडनी. तठून वरलोंग मी दोन्ही हातवरी दाबी धरी. कुलूप मी व्हतू."