सुतकी चेहरा पाहिजे

सुतक्या जन्मला तेव्हा सुईणीने त्याचं तोंड पाहिलं आणि त्याच्या आईचं सांत्वन केलं. "धीर धर बाई," म्हणाली. मूल चांगलं धडधाकट, हातपाय झाडतंय, फक्त तोंड असं की घरातून आत्ताच कुणीतरी गेलंय. तीस वर्षं झाली तरी ते तोंड तसंच राहिलं. भिकारी त्याला हाक मारून आपल्या वाटीतली दोन नाणी द्यायचे. कुत्री भुंकायला उठायची, त्याच्याकडे बघायची, आणि पुन्हा मान टाकून पडायची.

पदवीसुद्धा या तोंडानेच खाल्ली. शेवटच्या परीक्षेला तो हॉलमध्ये बसला की देखरेखीचे मास्तर हळूच जवळ यायचे.

"घरी कोण गेलं, बाळ?"

"कुणी नाही, सर."

"बघा! असं होऊनसुद्धा पेपरला आला! ऊठ, जा घरी." आणि डोळे पुसत त्याला हाताला धरून फाटकाबाहेर सोडायचे. तीन वर्षं, तीन मास्तर, तोच प्रकार. चौथ्या वर्षी त्यानेच नाद सोडला. खोटं वाटतंय? वाटू द्या, पुढचं याहून खोटं वाटेल.

आईवडील गेल्यावर तो मोठ्या बहिणीकडे आला. ताईने त्याची गादी बाल्कनीत घातली, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. भावोजींच्या पँटी रोज त्याच्या अंगावर ठिबकायच्या. भावोजी एका नऊ मजली कचेरीत चौथ्या मजल्यावर कामाला, आणि त्यांची पदवी हॉलमध्ये काचेच्या चौकटीत. दर रविवारी ते ती मऊ फडक्याने पुसायचे.

"ये रे, शिडी धर," ते ओरडायचे. "पदवी नाही तर नाही, शिडी तरी हाताला लागू दे."

ताई आतून खुदकन हसायची. भाऊ झाला म्हणून काय झालं!

सुतक्या रोज दाढी करून नोकरी शोधायला निघायचा. चपलांच्या दुकानात विचारलं, "पदवी?" पेट्रोल पंपावर विचारलं, "पदवी?" एका बाईला आपला कुत्रा फिरवायला माणूस हवा होता, तिनेही विचारलं. सुतक्या म्हणाला, "बाई, कुत्र्याची झालीय का?" तिने दार लावलं.

एका रविवारी शिडीवरून खाली उतरता उतरता भावोजींनी सांगून टाकलं. "महिनाअखेर बाल्कनी मोकळी कर. मला कुंड्या ठेवायच्यात."

"मी कुठे जाऊ, भावोजी?"

"ते मला काय विचारतोस? हां, आमच्या कचेरीच्या फाटकावर पाटी लागलीय, माणूस पाहिजे, पदवी नको. संडास धुवायला असेल. जाऊन बघ."

संडास धुवायला नव्हतं. पहिल्या मजल्यावर एक मोठ्या बाई बसायच्या. कुणाला कामावर ठेवायचं, कुणाला काढायचं, ते सगळं त्यांच्या हातात. त्यांनी सुतक्याचं तोंड पाहिलं आणि पेनच खाली ठेवलं.

"पदवी नाही ना नक्की? मागून काढून दाखवायचा नाहीस?"

"नाही हो बाई."

"झकास! माणूस काढायचा असला की त्याला पाकीट नेऊन द्यायचं, एवढंच काम. पदवीवाला पाठवला की समोरच्याला वाटतं, हाच माझ्या खुर्चीत बसणार, आणि मग मारामारी होते. तुझी कुणाला भीती वाटायची नाही. डाव्या हातात पाकीट, उजव्या हातात पाण्याचा ग्लास. आधी पाणी, मग पाकीट. बोलायचं काही नाही. मग त्याचा डबा आणि छत्री आपण उचलायची आणि त्याला फाटकापर्यंत सोडून यायचं."

फाटकापर्यंत कसं सोडतात हे सुतक्याला पाठच होतं.

पहिल्याच दिवशी त्याने सात माणसं बाहेर काढली, हूं नाही की चूं नाही. उलट एका म्हाताऱ्या कारकुनाने त्याच्याच पाठीवरून हात फिरवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस हं." एकीने पाकीट घेतलं आणि आपल्या डब्यातली पोळी त्याच्या हातावर ठेवली. मोठ्या बाई खूश. काढलेल्यांची तोंडं त्यांना बघवायची नाहीत, यादीतली नावं तेवढी बघायच्या. म्हणून तर सुतक्या ठेवला होता.

घरात पैसे द्यायला लागल्यावर भावोजींच्या कुंड्या लांबणीवर पडल्या. दोन महिन्यांनी त्याच्या हातात चौथ्या मजल्याचं पाकीट आलं. वर भावोजींचं नाव.

त्याने ग्लास काठोकाठ भरला आणि लिफ्ट सोडून जिन्याने गेला, एकेक पायरी चाखत. भावोजी कुणाला तरी सांगत होते, "माझा मेहुणा आहे ना, पाणी देतो इथे." त्याने ग्लास पुढे केला.

"मला तहान नाही रे."

"प्या, भावोजी."

मग पाकीट. मग डबा, छत्री. फाटकाशी डबा हातात देताना सुतक्या नियम मोडून एकच वाक्य बोलला. "संध्याकाळी कुंड्या घेऊन येऊ का?"

त्या रात्री ताईने पहिलं ताट सुतक्याला वाढलं. पगार कुणाचा येतो हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. आठवड्याभरात तो आतल्या पलंगावर आला आणि भावोजी दोरीखाली गेले. रविवारी सुतक्या फडकं घेऊन शिडीवर चढायचा.

"धरा हो भावोजी, नीट धरा. शिकलेल्या माणसाचे हात थरथरतात कसे?"

ताई खुदकन हसायची, तशीच.

पण सुख अंगी लागलं. गाल वर आले, तोंडावर तुकतुकी आली. पाकीट देताना आता त्याला चौथा मजला आठवायचा आणि ओठ आपोआप फाकायचे. लोक चिडायला लागले. एका शिपायाने ग्लासातलं पाणी त्याच्या तोंडावर फेकलं. एक बाई तर छत्री घेऊन तीन मजले त्याच्या मागे धावली.

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. "तुझं तोंड गेलं रे कामातून. हसतोस? आठ दिवस देते. पहिल्यासारखं करून आण, नाहीतर दुसरा बघते."

सुतक्या घरी पळाला. त्याने कांदे चिरले, आईची आठवण काढली, दिवसभर उपाशी राहिला. पण आरशात बघावं तर तोच तुकतुकीत गडी. मग त्याला बाल्कनी सुचली. भावोजींचं तोंड आता असं झालं होतं की खिडकीवरची कबुतरं त्यांना पाहून आपल्या पिलांना पंखाखाली घ्यायची. सुतक्या रोज स्टूल टाकून त्यांच्यासमोर बसू लागला.

"मान जरा खाली. हां. खालचा ओठ कसा सोडलाय तो पुन्हा दाखवा."

भावोजी दाखवायचे. न दाखवून जाणार कुठे?

तरी जमेना. आठव्या दिवशी त्याने भावोजींचा फोटो काढला आणि मोठ्या बाईंपुढे धरला. "बाई, अजून आठ दिवस द्या. तोंड हुबेहूब असं करतो."

बाईंनी फोटो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. डोळे पुसले.

"हा कोण?"

"घरचेच आहेत."

"घरचा नंबर दे."

फोन ताईने उचलला. बाईंनी एकच विचारलं, पदवी आहे का? ताईने हॉलमधल्या भिंतीकडे पाहिलं, बाल्कनीकडे पाहिलं. "छे हो! चौथीत शाळा सोडलीय." मग स्वतः शिडीवर चढून तिने चौकट उतरवली आणि पलंगाखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतक्या पहिल्या मजल्यावर बसला होता, तर जिन्यात पावलं वाजली. भावोजी. उजव्या हातात ग्लास, डाव्या हातात पाकीट. ओठ सोडलेला, मान बरोबर तेवढीच खाली. सुतक्याला ओरडायचं होतं, पण त्या तोंडापुढे आवाजच फुटेना. तो निमूट पाणी प्यायला. वर म्हणाला, "भावोजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

भावोजींनी त्याचा डबा आणि छत्री उचलली. फाटकाशी डबा हातात दिला, आणि तेही एकच वाक्य बोलले. "दोरीखाली ताईने गादी घातलीय तुझी."

ते परत वळले तेव्हा सुतक्याला त्यांच्या ओठाचा कोपरा दिसला. जरासा वर गेला होता.

म्हणजे सुरुवात झाली. गाल यायला दोन महिने, फार तर तीन. सुतक्याच्या मनात आनंदाची उकळी फुटली, आणि त्याने ती घाईघाईने गिळली. आता हसून चालणार नव्हतं. फाटकाच्या काचेत बघत त्याने खालचा ओठ सोडला, मान पाडली आणि पँटी ठिबकत असतील त्या बाल्कनीच्या वाटेला लागला. कोपऱ्यावरचा कुत्रा भुंकायला उठला, त्याच्याकडे बघत राहिला, आणि पुन्हा मान टाकून पडला.