चुलीगणिक कुटुंब

हेमांगीची ही दहावी पाहणी. शौचालयांची झाली, कुपोषणाची झाली, शाळा सोडलेल्या मुलांची झाली, एकदा तर डासांचीही झाली. दरवेळी दारात उभं राहून तेच हसू आणायचं, तेच प्रश्न विचारायचे, आणि लोकांनी विचारायचं की मागच्या पाहणीचं काय झालं ते आधी सांगा. त्याचं उत्तर हेमांगीलाही कधी कोणी दिलं नव्हतं. चाळिशी उलटली होती, टाच दुखत होती, आणि वसईतल्या त्या छोट्या संस्थेत तिच्याइतकं चालणारं दुसरं कोणी नव्हतं.

यंदाची पाहणी एकल महिलांची होती. ज्या गावात अशा पंचवीस बाया सापडतील, तिथे संस्था केंद्र काढणार होती. दुपारचं गरम जेवण, औषधं, आठवड्यातून एकदा डॉक्टर, मोतीबिंदूचं ऑपरेशन. पंचवीस भरल्या नाहीत तर केंद्र दुसऱ्या गावाला.

ऑक्टोबरच्या उन्हात ती खाडीकाठच्या गावात पोचली तेव्हा शेतात भात पिवळं पडलं होतं. यादीतलं एकोणिसावं घर हरेश्वरचं. घर पक्कं, ओटीवर लाद्या, माणूस बोलका. त्याने पंखा लावला, खुर्ची पुढे केली. फॉर्मवर छापलेलंच होतं की उत्तरं कुटुंबप्रमुखाने द्यावीत.

"घरात माणसं किती, काका?"

"पाच. मी, बायको, भूपेश, सून नि नातू. भूपेश वालीवला कारखान्यात हाय."

"कोणी विधवा, एकटी राहणारी बाई?"

"नाय."

हेमांगीने 'नाही'वर खूण केली, सही घेतली. हरेश्वरच्या बायकोने, यमुनाने, पाणी दिलं. सगळं पाच मिनिटांत आटोपलं. पुढचं घर मागच्या वाडीत होतं म्हणून हेमांगी घराला वळसा घालून निघाली, आणि मागच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या पडवीतून धूर येताना दिसला.

आत एक बाई चुलीपुढे बसली होती. टोपातल्या तांदळात बोट बुडवून पाणी किती झालं ते अजमावत होती. डोळ्यांवर दुधासारखी साय आलेली. दोन्ही हातांच्या बोटांवर भाजल्याचे डाग, काही जुने, काही ताजे.

"मावशी, तुम्ही कोणाकडच्या?"

"याच घरातली. हरेश्वर माजा दीर. मी कमळी."

कमळीचा नवरा श्रीरंग सतरा वर्षांपूर्वी तापाने गेला. वर्षाचं होईपर्यंत बाजूला राहावं म्हणून तिला मागे चूल मांडून दिली. वर्षश्राद्ध झालं, गाव जेवलं, पण तिला आत बोलवायचं राहून गेलं. तीही आपण होऊन कशी जाणार? मग पुतणीचं लग्न निघालं. शुभकार्यात विधवेची सावली नको. मग भूपेशचं. मग सुनेला दिवस गेले. तांदूळ, लाकडं दारात येत राहिली. कोणी तिला हाकललं नव्हतं, मारलं नव्हतं, म्हणून तर कोणाला लाजही वाटली नव्हती.

हेमांगी तशीच ओटीवर परत आली. "काका, मागे तुमच्या वहिनी आहेत. तुम्ही नाही म्हणालात."

हरेश्वर जराही गडबडला नाही. "ती आमच्यात नाय ना. तिची चूल येगळी."

वाईट याचं, की तो खोटं बोलत नव्हता. हेमांगीच्या पिशवीतल्या मार्गदर्शिकेत दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं, एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. ते वाक्य तिने दहा पाहण्यांत वाचलं होतं, नव्या मुलींना शिकवलं होतं. चूल वेगळी म्हणून कमळी हरेश्वरच्या कुटुंबात नाही. आणि पडवीला घरनंबर नाही म्हणून तिचं घर यादीत नाही. याआधी नऊ वेळा आपण किती पडव्या अशाच ओलांडल्या, हे हेमांगीला आता सांगता आलं नसतं.

संस्थेच्या संचालिका क्षितिजा मॅडम वयाने लहान, संशोधन पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या आणि मनाने सरळ. गावातली उरलेली घरं संपवून हेमांगीने त्यांच्यापुढे फॉर्म ठेवले, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हेमांगीताई, यादी गोठवली आहे. मध्येच व्याख्या बदलली तर एका गावाचं दुसऱ्या गावाशी जुळणार नाही. उद्या कोणी म्हणेल, यांनी हवे तसे आकडे वाढवले."

"मॅडम, त्या गावात आपल्या फॉर्मवर विधवा चार आहेत. दोनशे घरांत चार! पुरुष काय अमर आहेत तिथले?"

क्षितिजाबाईंनी फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढून चाळला. मग म्हणाल्या, "यादीबाहेरच्या प्रत्येक चुलीचा स्वतंत्र फॉर्म आणा. त्या बाईची स्वतःची सही किंवा अंगठा हवा. तेवढं असेल तर मी समितीपुढे लढेन. नाहीतर चारच."

हेमांगी पुन्हा गावात गेली. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पायांनी. या खेपेला ती ओटीवर चढलीच नाही, मागच्या दारांनी फिरली. गोठ्याशेजारी, विहिरीमागे, जिन्याखाली चुली सापडत गेल्या. तीन रविवारांत जुन्या चार धरून चोवीस झाल्या. पंचविसावी कमळी.

तिला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. हरेश्वरला एव्हाना कुणकुण लागली होती. हेमांगी पडवीत टेकते न टेकते तोच तो मागे आला, पाठोपाठ यमुना.

"वैनीचं येगळं घर लिवनार म्हनं तुमी?"

"तुम्हीच म्हणालात काका, चूल वेगळी."

"अवो, चूल येगळी म्हंजे घर येगळं झालं का? उद्या कागद दाखवून भावाचा हिस्सा मागेल ती. आमी एकच हाव. आमच्यात लिवा. सहा मानसं लिवा."

"सहा लिहीन. पण मग त्या कुठे जेवतात?"

हरेश्वरने बायकोकडे पाहिलं. यमुना आत गेली आणि ताट घेऊन आली. गरम भात, वर बोंबलाचं कालवण, बाजूला तळलेली कोलंबी. तिने ते कमळीपुढे ठेवलं. सतरा वर्षांत त्या घरातलं वाढलेलं ताट पहिल्यांदा उंबरा ओलांडून या पडवीत आलं होतं. ताट ठेवून यमुना कमळीकडे न बघता मागे सरली. तिलाही हे सोपं जात नसावं. नवरा उद्या गेला तर पुढची चूल कोणाची, हे तिला कळत नसेल असं नाही.

"सांग ना वैनी, या बायना," हरेश्वर म्हणाला, "आपली चूल एकच हाय म्हनून."

कमळीने ताट जवळ ओढलं. तिने वासावरून कालवण ओळखलं, आणि जेवायला बसली. सावकाश, एकेक घास करत. कोलंबीची शेपटं नीट बाजूला ठेवली. तिघं उभी राहून बघत होती. हेमांगीला वाटलं, संपलं. तिला रागही आला नाही. सतरा वर्षांच्या भुकेपुढे कसली सही नि कसलं केंद्र? तिने फॉर्म पिशवीत सरकवायला घेतला.

ताट संपलं. कमळी चाचपडत उठली, मडक्यातलं पाणी घेतलं, राखेने ताट घासलं, विसळलं, पदराने पुसलं. शेजारणीचं भांडं परत करावं तसं ते तिने यमुनाच्या हातात दिलं.

"कालवन चांगलं झालं, यमुने. आज घातलंस. उद्या घालशील?"

यमुनाने मान खाली घातली. ती काही बोलली असती कदाचित, पण नवरा शेजारी उभा होता.

कमळी खाली बसली. "लिव, बाय. येगळी लिव."

"कुटुंबात एकूण माणसं?" हेमांगीने फॉर्म पुन्हा बाहेर काढला.

"एक."

"कुटुंबप्रमुख?"

"त्यो कोन असतो?"

"ज्याच्या म्हणण्याने घर चालतं तो."

कमळीने जरा विचार केला. "मंग मीच."

अंगठा उमटला. हरेश्वरचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो ताडकन भिंतीशी गेला आणि पडवीतल्या दिव्याकडे आलेली वायर त्याने बाहेरून खेचून काढली.

"येगळी ना? मंग दिवा पन तुजा तू आन."

"ने," कमळी म्हणाली. "मला तसं पन कमीच दिसतं."

हेमांगी सोमवारी कार्यालयात आली ती पंचवीस फॉर्म घेऊन. सोबत अहवालातल्या 'पाहणीच्या मर्यादा' या परिच्छेदासाठी तिने स्वतः लिहिलेला कागद होता. ही जागा सहसा दोन ओळींत उरकतात आणि कोणी वाचत नाही. तिने लिहिलं होतं: "आम्ही पुढच्या दारी उभे राहिलो आणि पुरुषांना विचारलं. ज्यांच्याबद्दल ही पाहणी होती त्या मागच्या दारी होत्या. ही चूक गावाची आहे, पण पद्धत आमची होती. आजवरच्या सर्व गावांची मोजणी पुन्हा करावी लागेल."

क्षितिजाबाईंनी तो कागद दोनदा वाचला. "सर्व गावांची? हेमांगीताई, हे कोण करणार?"

हेमांगी टाच चोळत होती. इतकी दमली होती की उत्तर द्यायलाही जड जात होतं.

"मी," ती म्हणाली. "पण आधी कमळीमावशींच्या डोळ्यांची तारीख घ्या."