डिझेल पिणारा डंपर

गोरक्षशेठने रबरी नळी नाकाशी धरून पुन्हा एकदा हुंगली आणि भिकाकडे पाहिलं.

"पाण्याची नळी हाय शेठ," भिका म्हणाला. "टँकर आला की पिंप भरतो तिच्यानं. वास काय, हितं सगळ्यालाच येतो डिझेलचा. माझ्या भाकरीलाबी येतो."

कोणीतरी हसलं. शेठ हसला नाही. त्याचा हात उठला आणि भिकाच्या गालावर बसला. झोपडीच्या दारात उभी असलेली भागीबाई, भिकाची बायको, धावत पुढे आली.

कुंभमेळ्याच्या आधीचं ते वर्ष. नाशकात जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते, खडी कितीही काढली तरी कमीच पडत होती. शहराबाहेरच्या डोंगरात शेठची दगडखाण होती. खाणीच्या तळातून दगड भरायचा आणि कच्च्या चढावरून वर क्रशरला आणून ओतायचा, हे डंपरचं दिवसभराचं काम. सगळे डंपर एका जातीचे, ओझं सारखं, रस्ता तोच. तरी त्यातला एकच डंपर डिझेल प्यायचा, इतरांच्या जवळजवळ दीडपट. तो कारभारी नावाचा जुना ड्रायव्हर चालवायचा. फिटरने पंप उघडून पाहिला, नोझल बदलले, फिल्टर झटकला. ॲव्हरेज काही सुधारेना. मग उरली चोरी.

बाकीचे डंपर संध्याकाळी ऑफिससमोर उभे राहत. कारभारीचा मात्र शेवटची खेप टाकून खाणीच्या तोंडाशी, राखणदार भिकाच्या झोपडीजवळ लागायचा. शेठला एवढं पुरेसं होतं. कारभारीवर संशय घेणं त्याच्या मनातही आलं नाही. लहानपणी त्याने स्टिअरिंग पहिल्यांदा हातात धरलं ते कारभारीच्या मांडीवर बसून. खाणीतले निम्मे ड्रायव्हर कारभारीच्या हाताखाली तयार झाले होते. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

भिकाने गाल धरून त्याच्याकडेच पाहिलं. "कारभारीदादा, तुम्ही तरी सांगा. रोज सकाळी तुम्हीच टाकी बघता ना? कधी कमी भरली का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. कारभारीने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं.

"मी संध्याकाळी घरी जातो," तो म्हणाला. "मागं काय होतं, मला काय ठावं?"

दुपारी भिका आणि भागीबाई डोक्यावर बोचकी घेऊन डोंगर उतरून गेले. कारभारी तेव्हा भरलेला डंपर घेऊन चढावर होता. पहिल्या गिअरमध्ये.

हेच तर खरं दुखणं होतं. खाणीतून निघताना चढ उभा असतो, तिथे पहिला गिअर लागतोच. पण वळणानंतर रस्ता जरा सैल होतो. तिथे दुसरा टाकायचा, पुढे तिसरा. इंजिन हलकं होतं, डिझेल वाचतं. नव्या पोरांना हे शिकवलं होतं ते कारभारीनेच. आणि गेलं वर्षभर तो स्वतः तळापासून क्रशरपर्यंत पहिल्यातच, इंजिन बोंबलवत येत होता.

सुरुवात झाली न्हाणीत. एके दिवशी चुलीवरचं पाणी विसण न घालताच त्याने अंगावर घेतलं. खांदा भाजला म्हणून ओरडला, पण डावं पाऊल त्याच पाण्यात तसंच होतं. बायकोने, चांगुणाने, ते लालबुंद पाऊल पाहिलं आणि त्याला दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, बरीच जुनी दिसते, पायाची संवेदना गेली आहे. "काम काय करता? गाडीबिडी चालवत नाही ना?"

"नाही. शेती," कारभारी म्हणाला. चांगुणा शेजारी होती. तिने खाली पाहिलं.

त्यानंतर एकदा वळणावर दुसरा टाकायला गेला, तर पाय क्लचवर आहे की बाजूला, तेच कळेना. भरलेला डंपर मागे सरकला. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून वळणापाशी हात गिअरवर जायचा आणि तसाच परत यायचा. डंपरवाल्याला आंधळा म्हटलेलं चालेल, दारुडा म्हटलेलं चालेल. उस्तादला गिअर पडत नाही, हे मात्र त्याला स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं.

भिका गेला. पण आता नवी भीती उभी राहिली. चोर गेल्यावरही डंपर तेवढाच प्यायला लागला, तर? कारभारीने त्यावर उपाय काढला. पहाटे लुनावर निघायचं, हायवेच्या पंपावर स्वतःच्या पैशाने कॅन भरून घ्यायचा आणि कोणी यायच्या आत टाकीत ओतायचा. लुनाला गिअर नव्हते, ते एक बरं होतं.

आठवड्याभरात शेठ खूश झाला. "बघा काका, भिकाला हाकलला आणि तुमची गाडी लगेच सुधारली. मी म्हणत नव्हतो?" त्याने सगळ्यांना चहा पाजला. कारभारीने कप हातात घेतला आणि चहा प्यायला. आपण कॅन ओततो तो टाकीत नाही, भिकाच्या डोक्यावर, हे त्याला त्या दिवशी कळलं. तरी दुसऱ्या पहाटे तो पंपावर गेलाच.

घरी चांगुणाने त्याचा शर्ट धुवायला घेतला, डिझेलने ओली झालेली बाही पाहिली आणि परत खाली ठेवला.

"भागी दिसली नाशिकरोडच्या बाजारात," ती म्हणाली. "सायखेड्याला भावाकडं राहतात म्हणे. मी हाक मारली तर तोंड फिरवून गेली."

कारभारी जेवत राहिला.

"मी दवाखान्यात गप बसले. माझंबी पाप हाय त्यात. पण तुम्ही आता बोला."

"काय बोलू? पांगळा झालो म्हणून सांगू?"

"ते सांगायची लाज वाटती, आन् दुसऱ्याचा संसार उठला त्याची वाटत नाय?"

त्याने ताट सरकवलं. त्यानंतर दोघे बरेच दिवस कामापुरतंच बोलत होते.

आणि मग एका पहाटे क्रशरचा पट्टा तुटला म्हणून शेठ फिटरला घेऊन लवकर आला. बरोबर यादव होता, कारभारीने तयार केलेल्यांपैकी सगळ्यात हुशार ड्रायव्हर. जीप वळली आणि तिच्या उजेडात कारभारी दिसला. टाकीचं झाकण उघडं, हातात कॅन.

शेठ खाली उतरला.

"काका? तुम्ही?"

कारभारीच्या एका क्षणात ध्यानात आलं, शेठला काय वाटतंय ते. आणि त्याला चक्क सुटल्यासारखं झालं. भिका मोकळा होईल. आपण चोर ठरू, ठरू दे. पण ड्रायव्हर म्हणून आपलं नाव तसंच राहील.

"हो," तो म्हणाला. "मीच काढत होतो. भिकाचा काही दोष नाही. पोलिसात द्यायचं तर द्या."

यादव पुढे आला. त्याने कॅन हातातून काढून घेतला, उलटा केला. दोन थेंब मातीत पडले. मग तो टाकीत डोकावला.

"शेठ, टाकी काठोकाठ हाय. अन् कॅन रिकामा. चोर असं उलटं कशाला करील?"

"तू गप," कारभारी म्हणाला. "मी सांगतोय ना, मी चोरलं."

"नका हो उस्ताद." यादवने आवाज अगदी खाली आणला. "वळणावर दुसरा पडत नाय ना तुमचा? मी रोज मागंच असतो. ऐकू येतं मला. तुम्हाला कसं विचारायचं, म्हणून गप राहिलो."

कारभारीने डंपरच्या चाकाला हात टेकला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं, न्हाणीतल्या पाण्यापासून आजच्या कॅनपर्यंत. सांगताना त्याची नजर शेठच्या बुटांवर होती. फिटरने उगाच पाने हातात घेऊन क्रशरची वाट धरली.

"मी मारलं त्याला," शेवटी शेठ म्हणाला. "तुम्ही उभे होतात तिथं."

"हो."

"किल्ली द्या काका."

कारभारीने किल्ली दिली. "भिकाला परत आणतो," तो म्हणाला. "मीच जातो."

त्याच दिवशी एसटीने तो सायखेड्याला पोचला. उन्हं वर आली होती. भिका मेव्हण्याच्या वावरात कोबीला पाणी देत होता. कारभारीला बघून त्याने फावडं खाली ठेवलं नाही. बांधावर भागीबाई कोबीची जून पानं खुडत होती, तिचे हात थांबले.

कारभारीने उभ्यानेच सांगितलं. काही लपवलं नाही, चहा प्यायल्याचंसुद्धा. भिकाने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी चोरी झालीच नव्हती?"

"नाय."

"मी हितं रात रात विचार करायचो, कोण चोरीत आसंल. यादववर शक घेतला. मेलेल्या माणसासारखं पडून राहायचो." त्याने फावड्याने पाटाचं तोंड फोडलं, पाणी दुसऱ्या सरीत वळलं. "आन् तुम्हाला पाय दाखवायची लाज वाटली. एवढंच ना?"

"एवढंच," कारभारी म्हणाला.

"माझ्या पोरीच्या सासरपत्तुर गेलं हो हे. चोराची लेक म्हनले तिला."

"शेठ बोलावतोय तुला," कारभारी म्हणाला. "सगळ्यांपुढं सांगणार हाय तो. मीबी सांगीन."

"तुम्ही सांगा. लेकीच्या सासरीबी जाऊन सांगा, पाय दाखवून सांगा. म्या नाय यायचा." भिका पुन्हा सरीकडे वळला.

"जातो," कारभारी म्हणाला. "आधी लेकीकडं जातो."

भागीबाईने गाव सांगितलं. पाणी मात्र विचारलं नाही. तो ओल्या बांधावरून निघाला, पाट ओलांडला आणि डांबरी रस्त्याला लागला. डांबर तापून मऊ झालं होतं. एसटीचा थांबा अजून लांब होता.

"दादा!"

त्याने वळून पाहिलं. भिका वावरातून चिखलाच्या पायांनी येत होता. हातात एक चप्पल होती. कारभारीने खाली पाहिलं. त्याचं डावं पाऊल उघडंच होतं, तळव्याला डांबर लागलेलं. चप्पल पाटातल्या चिखलात रुतून राहिली होती आणि त्याला पत्ताच नव्हता.

भिका जवळ आला. त्याने त्या पावलाकडे पाहिलं, बराच वेळ. मग तो वाकला, चप्पल धोतराच्या सोग्याने पुसली आणि त्याच्या पायापुढे सरळ करून ठेवली. कारभारीला पाय आत गेल्याचं कळेना, तेव्हा भिकानेच घोटा धरून तो आत सरकवला.

"गेला आत," भिका म्हणाला, आणि वावराकडे परत निघाला.