दोन बोटं जास्त

क्लबातल्या सगळ्या होड्या एकाच जुन्या आराखड्यावरून बांधलेल्या, प्लायवूडच्या. शिडंही एकाच मापाची हवीत, आणि ते माप तपासण्याचा मान बारा वर्षं मापाड्याकडे होता. हे नाव लोकांनी वैतागून ठेवलेलं. तो ते पदवीसारखं मिरवायचा. शिडाच्या कडेला कापडी टेप लावायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, "दोन बोटं जास्त." बाकीचे मुकाट्याने कापून आणत. एकटा त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, अडून बसलेला. तो शिडं शिवणारा माणूस. आराखड्यातलं माप स्टीलच्या पट्टीने काढायचा आणि सुतभरही कापायचा नाही. त्यामुळे त्याची होडी बारा वर्षांत एकाही शर्यतीत उतरली नव्हती. आता त्याचे गुडघे गेले होते. यंदाची शर्यत हुकली की संपलंच. तरी मापाड्याने शीड नापास केलं. नात्यागोत्याला तो भीक घालत नसे.

संध्याकाळी बायको त्याच टेपने पडद्याचं माप घेत होती आणि दर वेळी दोन बोटं वजा करत होती. त्याने कारण विचारलं.

"अहो, टेपचं टोक विरलं होतं, ते मी कापून नीट शिवलं नव्हतं का? तुम्हाला हा मान मिळाला त्या वर्षी," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

मापाड्याने कायम टेपचं दुसरंच टोक वाचलं होतं. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

सकाळी तो मेव्हण्याच्या कारखान्यात गेला, सगळं कबूल केलं, शिडावर पासाचा शिक्का मारला आणि म्हणाला की आजच राजीनामा देतो.

मेव्हण्याच्या हातातली सुई थांबली. "शिक्का ठीक आहे, भावोजी. राजीनाम्याचं मात्र आधी ताईला विचारा."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षापासून."

"मग बोलला का नाहीस?"

मेव्हण्याने शिवण चाचपली. "ताईने हात जोडले होते. म्हणाली, हे काम सुटलं तर ते दिवसभर घरात असतील."

मापाड्याने विचारलं, ती अजून तसंच म्हणते का. मेव्हण्याने शिडाची घडी घालायला घेतली आणि एक टोक त्याच्या हातात दिलं.