पावसातल्या ईदची धुरीपेटी

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, मला कपाट म्हणायचं नाही. कपाटात कपडे ठेवतात. माझ्यात मांस सुकत असे, विजेच्या उबेवर आणि बाभळीच्या धुरावर. राजूरच्या कोळशाच्या खाणीच्या वस्तीत मला सारे धुरीपेटी म्हणत. आज मी युनूसच्या पडवीत गंजत उभी आहे आणि माझ्या डोक्यावर कोंबड्या बसतात. बसू द्या. मी त्यांच्याशी बोलत नाही.

१९५६ साली युनूसनं मला घडवलं. तो खाणीत वायरमन होता. खाणीनं मोडीत काढलेली, दिवे ठेवायची पेटी त्यानं घरी आणली, तळाशी हीटरची कॉइल बसवली, तिच्यावर लाकडाच्या तुकड्यांसाठी पत्र्याचं ताट ठेवलं. वर मांस टांगायला सळ्या लावल्या आणि माथ्यावर वाफ जायला भोक पाडून त्याला झाकण केलं. बाजूला दोन बटणं होती, एक अर्ध्या उबेचं आणि एक पुऱ्या उबेचं. हे सारं त्यानं हौस म्हणून केलं नाही. त्याच्या अम्मीला, सुग्राबीला, एक दुःख होतं म्हणून केलं.

सुग्राबीची लेक रौशन पुसदला दिलेली. बकरी ईदला कुर्बानीच्या मांसाचे हिस्से होतात, घरचा, नातलगांचा आणि गरिबांचा. दूर दिलेल्या लेकीचा वाटा मीठ-हळद लावून, पट्ट्या सुकवून पाठवायचा, अशी सुग्राबीच्या घरची रीत. तिच्या आईनंही तिला तसाच पाठवला होता. पण त्या वर्षांत ईद भर पावसात येई. ऊन नावाला नाही. पट्ट्या दोरीवरच खराब होत आणि तिसऱ्या दिवशी परसात पुराव्या लागत. रौशनच्या लग्नाला दोन वर्षं झाली, आणि दोन्ही ईदांना माहेरचा वाटा गेला नाही. तिची सासू चारचौघींत म्हणाली, "हिच्या माहेरात कोनी उरलं हाय का नाई? वाटा काहून येत नाई?" हे शब्द सुग्राबीच्या कानावर आले. त्या दिवशी ती जेवली नाही.

पहिल्या ईदेला मी नापास झाले, मित्रांनो. युनूसनं पुरं बटण दाबलं आणि कामावर गेला. मी आपली तापत राहिले. पट्ट्या वरून चामड्यासारख्या कडक झाल्या आणि आत ओल तशीच कोंडली. चौथ्या दिवशी त्यांना वास सुटला. मला फार लाज वाटली, पण खरं सांगू का, मला कोणी 'हळू चाल' म्हटलंच नव्हतं!

मला शिकवलं लालीबाईनं. ती जवळच्या तांड्यावरची, वस्तीत लाकडाची मोळी विकायला येई. तिनं माझं दार उघडून आत नाक घातलं आणि हसली.

"बाप्पा! तुमची आग लय घाई करून राह्यली, सुग्राबी. आधी वाफ जाऊ द्या, मंग धूर द्या. आन हे लाकूड कायचं? निंबाचं? कडू नाई होईन तर काय!"

तिनं वाळलेली बाभूळ आणून दिली, साल काढलेली, अंगठ्याएवढे तुकडे केलेली. सागाचं लाकूड नको, ओलं तर नकोच, आणि एका वेळी मूठभरच, असं तिनं बजावलं. युनूसनं काचेचा तापमापक आणला होता, पण सुग्राबीचा विश्वास आपल्या हातावर. हात आत घालून सावकाश वीस मोजता आले की ऊब बरोबर. त्याआधी हात ओढावा लागला तर बटण बंद. वर्षभर त्या दोघी अधूनमधून चार पट्ट्या माझ्यात टांगत आणि चुका काढत. माझं शिक्षण असं झालं.

१९५७ ची ईद आली. बाहेर तीन दिवस पावसाची झड लागलेली. सुग्राबीनं हिस्से केले. त्यातला एक तिनं लालीबाईला दिला आणि लेकीचा वाटा माझ्या सळ्यांवर टांगला. पहिला दिवस नुसती अर्धी ऊब. माझ्या माथ्यावरून वाफ कशी छान जात होती! दुसऱ्या दिवशी बाभळीचा धूर सुरू झाला. पट्ट्यांचा रंग मधासारखा आला. आता आपण नाव काढणार, असं मला वाटू लागलं.

दुपारी बाभूळ संपली. उरलेली मोळी ओसरीत भिजलेली. युनूस खाणीत. धूर विरळ होऊ लागला तशी सुग्राबी घाबरली. राजूरला प्रत्येक घरी चुलीत कोळसा. खाणीचाच तो, हाताशी पडलेला. तिनं चुलीजवळचे दोन खडे उचलले आणि माझ्या ताटात टाकले. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. पेटीला तोंड नसतं, दार असतं, आणि ते तिनं लावून घेतलं.

पिवळट धूर उठला. गंधकाचा वास पट्ट्यांच्या रेशारेशांत शिरला. युनूस घरी आला आणि दारातच थांबला.

"अम्मी, कोळसा टाकला का?"

सुग्राबीनं एक पट्टी तोडून तोंडात घातली. थुंकली.

"तिच्यापर्यंत जाऊ दे," युनूस हळूच म्हणाला. "सासूले दाखवाले तर होईन."

"लेकीच्या तोंडात मी हे घालू?" सुग्राबी म्हणाली. "माह्या हातानं माह्याच पोरीचा वाटा नासवला रे." ती पदरात तोंड घालून रडली. माझ्या आत तो वास होता. मलाच माझी किळस आली.

दुसऱ्या दिवशी वाटा नासल्याचं ऐकून लालीबाई आली. तिच्या फडक्यात पट्ट्या होत्या. तिनं आपला हिस्सा तांड्यावर चुलीच्या धुरावर लटकवला होता.

"आतून अजून वलसर हाय. तुमच्या पेटीत पुरा करा. मी परवा भावाच्या तांड्यावर चालली, पुसदकडं. रौशनले देऊन येते."

सुग्राबीनं मान हलवली. "दिलेला हिस्सा परत घेत नसतात, बाई."

"तुम्ही कुठं घेऊन राह्यल्या? माहा हाय तो. माह्या मनानं मी माह्या पोरीले देऊन राह्यली. तुम्हाले कायले विचारू?"

सुग्राबीनं फडकं हातात घेतलं. युनूसनं माझं ताट राखेनं तीनदा घासलं, आतली काजळी खरवडली, आणि मला रिकामीच तापवून वास घालवला. मग त्या पट्ट्या माझ्यात टांगल्या. सुग्राबी दिवसभर दारापाशी बसली, घडीघडी हात आत घालून मोजत. मित्रांनो, त्या दिवशी मी जीव तोडून काम केलं. इतकं मंद, इतकं सारखं मी आधी कधी तापले नव्हते.

लालीबाई परतली तेव्हा माझ्यापाशीच उभी राहून बोलली. रौशननं पुडकं दारातच उघडलं, आणि सासूनं विचारलं, "कोनी पाठवलं?" लालीबाई म्हणाली, "मायनं." कोणाच्या मायनं, ते तिनं सांगितलं नाही. रौशननं पट्टी दातानं तोडली, उभ्या-उभ्या खाल्ली, आणि सासूच्या हातावर दुसरी ठेवली. ऐकताना सुग्राबीचे डोळे भरून आले.

पुढची दोन-तीन वर्षं माझ्यातला वाटा न चुकता पुसदला गेला. पण ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. ती सरकत सरकत कडक उन्हाळ्यात आली. वैशाखाच्या उन्हात पट्ट्या दोन दिवसांत खडखडीत वाळत. मग मला कोण विचारतो! मला पडवीत काढलं. युनूस भंगारवाल्याशी बोलूही लागला.

सुग्राबी तेव्हा काठीवर आली होती. ती म्हणाली, "इकू नको. ईद फिरते, बाबा. फिरून पावसात येईन. तवा मी नसन. रौशनची पोरगी तवा कोनाच्या घरी नांदत असन, आन तिची सासू बी वाटा इचारन." त्यानंतर दर ईदेला, काम नसतानाही, ती माझ्या कडी-बिजागऱ्यांना गोडं तेल लावत असे.

दोन ईदा झाल्या, तेल लावणारा तो हात गेला. माझी बिजागरी आता कुरकुरते, आणि तळाला एक भोक पडू लागलं आहे. पावसातली ईद यायला अजून वीस वर्षं आहेत, असा मी हिशेब केला. मित्रांनो, जी वस्तू यंदा कामाची नाही तिलाही कोणीतरी सांभाळायला लागतं. मला दुसरं काही नको. बोटभर तेल लावा, आणि तळाचं भोक मोठं होण्याआधी एक पत्रा ठोका. रौशनची ती पोरगी आत्ता पुसदला अंगणात खेळते आहे. तिचा वाटा माझ्यातूनच जायचा आहे.