नजर कागदावर

"तीनशे अठरा टाका की बाई. शिल्पा नाव हाय." ग्यानोबांनी नंबराची चिठ्ठी पुन्हा काचेखालून आत सरकवली.

मी तिसऱ्यांदा नंबर टाकला. तिसऱ्यांदा स्क्रीनवर मुग्धा नावाची दुसरीच मुलगी आली.

"ही कोन? आमची पोरगी कुठं गेली?"

आमच्या क्लासमध्ये निवड परीक्षेत पहिल्या येणाऱ्या चाळीस मुलांना दोन वर्षं फुकट शिकवतात. त्या परीक्षेची नोंदणी आज एक वाजता बंद होणार होती. त्यासाठी बापलेक हदगावहून लातूरला आलेले. सकाळी मी शिल्पाचा फॉर्म भरला. दहावीच्या मार्कमेमोची झेरॉक्स तेवढी राहिली, म्हणून तो उघडाच ठेवून ग्यानोबांना चौकात पाठवलं. चौकातली लाईट गेलेली. ते परत आले तेव्हा सव्वा वाजला होता.

मधल्या वेळात मुग्धाचे वडील आले, फार घाईत. स्क्रीनच्या कडेला चित्रांची पट्टी असते, तिच्यातल्या फॉर्मच्या चित्रावर मी क्लिक केलं. सहा वर्षं तिथं क्लिक केलं की कोरा फॉर्म उघडायचा. दर मुलाला आपला स्वतंत्र फॉर्म. मी मुग्धाचा कागद समोर धरला आणि टाइप करत सुटले. रविवारी बदललेल्या पट्टीनं मला कोरा फॉर्म दिलाच नव्हता, शिल्पाचाच पुढं आणून ठेवला होता. रकान्यामागून रकान्यात शिल्पा पुसली जाऊन मुग्धा बसत गेली. शेवटी सेव्हही मीच केलं.

बदल केला आलोकनं, क्लास चालवणाऱ्या सरांच्या पुतण्यानं. त्याला बोलावलं.

"मॅडम, तुम्ही पन्नास-पन्नास फॉर्म उघडे ठेवता, मशीन हँग होतं. म्हणून आता एकच. उघडा असेल तर तोच समोर येतो. नवा पाहिजे तर माउसचं उजवं बटण दाबायचं."

"हे मला कधी सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? समोर दिसतं की. तुम्ही स्क्रीनकडं बघतच नाही."

मला संताप आला. नाहीच बघत मी. भूकंपात घर गेलं, वडील गेले. सतरा वर्षांची होते. पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंगचा वर्ग भरायचा. तिथं शिकवणाऱ्या धोंडाबाई मान वर केली की पट्टी मारायच्या. नजर कागदावर! त्या एका सवयीवर मी आईला जगवलं, भावाला शिकवलं. मिनिटाला पन्नास शब्द, एकही चूक नाही. आणि हा काल आलेला मुलगा मला बघायला शिकवत होता.

शिल्पा बापाच्या मागं उभी होती. चौऱ्याण्णव टक्के. रडत नव्हती, चिठ्ठीवरचा आपला नंबर नुसता वाचत होती.

मी सरांकडं गेले. म्हटलं, "नोंदणी पाच मिनिटं उघडा. पोरीचा काय गुन्हा हाय?"

"उघडतो. पण एकासाठी उघडली तर उद्या दहा पालक भांडायला येतील, महादेवी. चूक कुणाची, ते लिहून द्या. मला दाखवायला कागद लागेल."

"पट्टी बदलली ते पण लिहू?"

सरांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. आलोक मोबाइलमध्ये बघत राहिला.

मी लिहिलं, 'टाइप करताना मी स्क्रीनकडे पाहिलं नाही. चूक माझी आहे.' खाली पूर्ण नाव, सही, तारीख. शब्द सगळे खरे होते, पट्टीबद्दल मात्र त्यात एकही नव्हता.

शिल्पाचं हॉलतिकीट निघालं. ग्यानोबांनी ते दोन्ही हातांत धरलं. "लई उपकार झाले बाई," म्हणाले. कसले उपकार! मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅचची नोंदणी होती. रांग जिन्यापर्यंत. मी उजवं बटण दाबलं, नवा फॉर्म उघडला, वरचं नाव वाचून पाहिलं. एक रकाना टाइप केला, स्क्रीनकडं बघितलं. दुसरा केला, पुन्हा बघितलं. कागदावरची ओळ हरवायची, ती बोटानं शोधायची. एका फॉर्मला वीस मिनिटं लागली.

मागून कुणीतरी वैतागून विचारलं, "काय करून राहिल्या बाई? नवीन हायत का?"

"हाव," मी म्हटलं. "नवीनच हाय."

आणि पुढच्या रकान्याकडं बघितलं.